मोठ्या जनावरासाठी .२४३ ला पर्याय कोणता?

रानवाट

सर्वांना नमस्कार.

बरीच वर्षे मी शिकारीला .२४३ विंचेस्टरची (०.२४३ इंच व्यासाच्या गोळीची) बोल्ट रायफल, म्हणजे हाताने मागेपुढे ओढायच्या खिळीची रायफल, वापरतो आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी, म्हणजे ६० ते ९० किलोच्या जनावरासाठी, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅमची) गोळी फुफ्फुसांतून गेली की हरीण फार लांब जात नाही आणि धक्का इतका सौम्य असतो की गोळी कुठे लागली ते स्कोपमधून स्वतःलाच दिसते. येत्या हंगामासाठी मात्र एल्कचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाचा, परवाना मिळाला आहे आणि पुढेमागे मूसचाही (हरणांमधली सर्वांत मोठी जात) मिळेल असे दिसते. एल्कचा पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे भरतो, मूस तर त्याहूनही बराच जड, त्यामुळे हातातली रायफल तशीच घेऊन जावे की नाही हा प्रश्न पडला आहे.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली, आहे त्याच रायफलला ७ मि.मी.-०८ रेमिंग्टनची नवी नळी बसवून घेणे. दुसरी, .३०-०६ स्प्रिंगफिल्डची वेगळी रायफल घेणे. तिसरी म्हणजे .३०० विंचेस्टर मॅग्नम (जास्त दारूच्या, जोरदार काडतुसाची रायफल), जिचा आग्रह माझ्याबरोबर येणारे दोघेही धरून बसले आहेत. त्यांच्या मते एल्कसाठी मॅग्नमखाली उतरूच नये.

जिथे जायचे आहे तो मुलूख अर्धा दाट झाडीचा आणि अर्धा उघड्या उतारांचा आहे. २५० मीटरच्या पुढे मी गोळी झाडणार नाही, हे ठरवून टाकले आहे. धक्क्याचे म्हणाल तर .३०-०६ पर्यंत मी निवांत सराव करू शकतो. त्यावरच्या रायफलींचा सराव मनापासून होत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ ऊर्जेच्या तक्त्यांनी केला आहे. एल्कपाशी पोहोचताना गोळीत किमान १५०० फूट-पाउंड ऊर्जा हवी असे जागोजागी लिहिलेले दिसते, पण हा आकडा कुठून आला ते कोणी सांगत नाही. उलट काही ठिकाणचा कायदा .२४३ ने एल्क मारायला सरळ परवानगी देतो. मग नेमके धरून चालायचे तरी काय? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

जुना_नेमबाज

रानवाट, आपण प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही जरा विस्ताराने देतो.

आधी तो १५०० चा आकडा बाजूला ठेवू. तो शिकाऱ्यांमध्ये रूढ झालेला अंदाज आहे, शरीरशास्त्राचा नियम नाही. दोन्ही फुफ्फुसांतून किंवा हृदयावरच्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून भोक पडले की रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त पोहोचेनासे होते आणि जनावर पडते. ऊर्जेचा तक्ता त्या भोकाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून कॅलिबर निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की जनावर तिरपे उभे असतानासुद्धा ही गोळी तिथपर्यंत पोहोचेल का, आणि पोहोचेपर्यंत ती एकसंध राहील का.

हरणाच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण बरगड्या पातळ असतात आणि छाती अरुंद. एल्कची गोष्ट निराळी आहे. माजावर आलेला नर चिखलात लोळतो आणि ती माती केसांत वाळून बसते. त्याखाली जाड कातडी, मग स्नायूंचा थर आणि खांद्याचे भक्कम हाड. तो आपल्यापासून थोडा पलीकडे वळून उभा असेल, तर शेवटच्या बरगड्यांच्या मागून शिरून पलीकडच्या खांद्यापर्यंत जाण्याइतका दम गोळीत असावा लागतो. वाटेत गवताने भरलेले पोट आले तर ते गोळीचा वेग किती झपाट्याने खाते, हे जनावर सोलताना पाहिल्याशिवाय पटत नाही.

अमेरिकी शिकारी जॉन नॉसलर यांना हाच अनुभव १९४६ मध्ये एका मूसने दिला. त्यांच्या हातात .३०० एच अँड एच मॅग्नम होती, म्हणजे शक्तीची वाण मुळीच नव्हती, पण त्या काळच्या साध्या गोळ्या चिखलाने माखलेल्या कातडीवर आणि खांद्यावर त्या वेगाला टिकत नव्हत्या. वरच्या वर फुटत होत्या. त्यातून त्यांनी जी पार्टिशन गोळी तयार केली ती १९४८ मध्ये विक्रीला आली. तिच्या तांब्याच्या आवरणात मधोमध एक आडवी भिंत असते. पुढचे शिसे पसरून झिजते आणि भिंतीमागचे शिसे शाबूत राहून पुढे घुसत राहते. आज याच कामासाठी आवरणाला शिसे चिकटवून टाकलेल्या बाँडेड गोळ्या आहेत आणि निव्वळ तांब्याच्या एकसंध गोळ्याही आहेत, ज्यांचे वजन जवळजवळ घटत नाही. सांगायचा मुद्दा असा की साध्या गोळीचा हा दोष मॅग्नम घेतल्याने जात नाही. जवळच्या अंतरावर वेग जास्त असल्यामुळे तो वाढतो.

गोळी किती खोल जाईल याचा ढोबळ अंदाज सेक्शनल डेन्सिटीवरून येतो. गोळीचे पाउंडांतले वजन भागिले व्यासाच्या इंचांचा वर्ग, एवढेच ते गणित आहे. .२४३ मधल्या १०० ग्रेनच्या गोळीला हा आकडा .२४२ येतो, ७ मि.मी. मधल्या १४० ग्रेनला .२४८, १५० ग्रेनला .२६६ आणि १६० ग्रेनला .२८३; .३०८ व्यासाच्या १८० ग्रेन गोळीला .२७१. आता आपल्या लक्षात आले असेल की १०० ग्रेनची .२४३ आणि १४० ग्रेनची ७ मि.मी. या कागदावर शेजारी-शेजारी बसतात. तरीही दुसरी गोळी ४० टक्के जड आहे, तिचे तोंड पसरल्यावर भोक अधिक रुंद पडते आणि हाड लागले तर तिच्याकडे खर्चायला वजन शिल्लक असते. हा आकडा एकाच घडणीच्या गोळ्यांची तुलना करायला वापरावा. साधी गोळी आणि तांब्याची गोळी यांना एका तागडीत घालू नये.

जाता जाता एक सांगून ठेवतो, कारण अशा चर्चेत कोणी ना कोणी ते काढतोच. आफ्रिकेतील हत्तींचे प्रसिद्ध शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी शेकडो हत्ती .२७५ रिग्बीने, म्हणजे साध्या ७×५७ माउझरच्या काडतुसाने, मारले हे खरे आहे. पण त्यांनी न पसरणाऱ्या, पूर्ण आवरणाच्या गोळ्या वापरल्या, हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासली आणि थेट मेंदूवर नेम धरला. त्यावरून ‘लहान कॅलिबर चालते’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने त्यांचा अभ्यासही सोबत घ्यावा.

माझे मत विचाराल तर .३०-०६. १९०६ पासून ती चालू आहे, १५० पासून २२० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या तिला मिळतात, आणि १८० ग्रेनची गोळी सेकंदाला २७०० फुटांनी निघते तेव्हा नळीच्या तोंडाशी २९०० फूट-पाउंडांच्या आसपास ऊर्जा असते. आपल्या २५० मीटरच्या मर्यादेत एल्कच काय, मूससाठीही ती पुरून उरते.

---

कडेकपारी

जुना_नेमबाज यांच्या गोळीविषयीच्या विवेचनाशी मी सहमत आहे, पण मॅग्नमला त्यांनी फार लवकर मोडीत काढले असे वाटते.

डोंगराळ भागात जनावर आपल्या सोयीच्या अंतरावर आणि सोयीच्या कोनात उभे राहत नाही. समोरच्या उतारावर ३५० मीटरवर एल्क दिसतो, मधली दरी ओलांडेपर्यंत अंधार पडणार असतो आणि वारा आडवा वाहत असतो. अशा वेळी १८० ग्रेनची तीच गोळी सेकंदाला २७०० ऐवजी २९६० फुटांनी निघाली, तर ती कमी खाली येते, वाऱ्याने कमी सरकते आणि लांबवर पोहोचल्यावरही नीट पसरण्याइतका वेग तिच्यात उरतो. हा शेवटचा मुद्दा तांब्याच्या गोळ्यांना विशेष लागू आहे, कारण वेग एका मर्यादेखाली गेला की त्यांचे तोंड उघडत नाही आणि पेन्सिलीएवढे भोक पाडून त्या निघून जातात. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ मध्ये आली आणि ती आजवर टिकून आहे, ते उगाच नव्हे.

धक्का हा सवयीचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. रायफल थोडी जड घ्यावी, दस्त्याला चांगले पॅड लावावे, सराव हलक्या गोळ्यांनी करावा आणि खऱ्या गोळ्या शेवटच्या काही दिवसांत झाडून स्कोप जुळवून घ्यावा. प्रत्यक्ष जनावर समोर असताना धक्का कोणालाच जाणवत नाही.

---

नळीकाम

कडेकपारी, शिकारीच्या क्षणी धक्का जाणवत नाही हे बरोबर आहे. मात्र चाप ओढण्याआधी डोळे मिटण्याची आणि खांदा आखडण्याची खोड सरावात लागते आणि ती त्या क्षणीही सोबत येते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ‘नेम चुकवणाऱ्या’ रायफलींपैकी बऱ्याच रायफली टेकूवर बांधून तपासल्या की उत्तम गट देतात, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतात. दोष कुठे असतो ते मालकाला सांगणे हे या व्यवसायातले सगळ्यात नाजूक काम आहे.

धक्क्याचे गणित करता येते, म्हणून ते करूनच बोलू. रायफल ८ पाउंडांची, म्हणजे स्कोपसह सुमारे ३.६ किलोची धरली, तर १०० ग्रेनच्या .२४३ चा धक्का ९ फूट-पाउंडांच्या जवळपास येतो. १४३ ग्रेनच्या ६.५ क्रीडमूरचा १२, १४० ग्रेनच्या ७ मि.मी.-०८ चा १३, १८० ग्रेनच्या .३०-०६ चा २०, त्याच गोळीच्या .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २६ ते २७ आणि २२५ ग्रेनच्या .३३८ विंचेस्टर मॅग्नमचा ३३. म्हणजे .२४३ वरून थेट .३०० मॅग्नमवर गेलात तर धक्का तिप्पट होतो. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाशी वायू बाजूला फेकणाऱ्या जोडणीने) तो बराच घटतो, पण आवाज इतका वाढतो की कानांना संरक्षण नसेल तर एका गोळीतही इजा होऊ शकते. शेजारी बसलेल्या सोबत्याचे हाल तर त्याहून वाईट होतात.

त्या बदल्यात मिळते काय, तेही पाहू. दोन्ही रायफली २०० यार्डांवर जुळवल्या, म्हणजे तिथे गोळी नेमक्या नेमावर लागेल असा स्कोप बसवला, तर ३०० यार्डांवर १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून साधारण आठ ते साडेआठ इंच खाली येते आणि .३०० मॅग्नममधून सुमारे सात इंच. प्रश्नकर्त्यांनी २५० मीटरची मर्यादा घातली आहे, म्हणजे २७३ यार्ड. त्या अंतरावर हा फरक जेमतेम इंचभराचा उरतो, आणि एल्कचे मर्मस्थान चांगले फूटभर व्यासाचे असते. ४०० यार्डांच्या पुढे मॅग्नमचा फायदा निर्विवाद आहे, पण तो प्रश्नच इथे विचारलेला नाही.

आता नळी बदलण्याविषयी, कारण हे माझे रोजचे काम आहे. .२४३ विंचेस्टर हे १९५५ चे काडतूस मुळात .३०८ विंचेस्टरचे तोंड आवळून केलेले आहे. १९८० ची ७ मि.मी.-०८, २००६ ची .३३८ फेडरल आणि त्याआधीची .३५८ विंचेस्टर ही सगळी त्याच घराण्यातली भावंडे आहेत. काडतुसाच्या बुडाचा व्यास तोच, लांबी जवळपास तीच, त्यामुळे आपला बोल्ट, मॅगझिन आणि आखूड ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो रायफलीचा मधला भाग) जसेच्या तसे चालतात. फक्त नळी बदलायची, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळीक) गेजने तपासून घ्यायची आणि जिथे कायद्याने प्रूफ चाचणी (जादा दाबाच्या काडतुसाने मजबुतीची तपासणी) आवश्यक आहे तिथे ती करून घ्यायची. याच ॲक्शनवर .३०-०६ बसत नाही, कारण तिचे काडतूस अर्ध्या इंचाहून लांब आहे, आणि .३०० मॅग्नमला लांबीबरोबर बोल्टचे तोंडही मोठे लागते. म्हणजे आपल्यासमोरच्या तीन वाटांपैकी पहिली वाट दुरुस्तीची आहे आणि बाकीच्या दोन नव्या खरेदीच्या.

या कामात दोन गोष्टींबाबत कारागिराकडे आग्रह धरावा. नव्या नळीवर कॅलिबर ठळक कोरून घ्यावे आणि घरातली .२४३ ची उरलेली काडतुसे त्या रायफलीपासून पूर्णपणे वेगळी काढावीत, कारण .२४३ चे काडतूस ७ मि.मी.-०८ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसायच्या पोकळीत) शिरू शकते. सहा मिलिमीटरची गोळी सात मिलिमीटरच्या नळीतून सैल सुटते. नेम तर जातोच, शिवाय काडतुसाची मान फाटून उष्ण वायू मागे येण्याचा धोका असतो. दुसरे असे की नळीतला पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या सर्पिल खाचा किती इंचांत एक फेरा घेतात ते, विचारून घ्यावा. शिशापेक्षा तांबे हलके असल्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळी स्थिर फिरायला पीळ घट्ट लागतो, ७ मि.मी. मध्ये साडेनऊ इंचांना एक फेरा किंवा त्याहून घट्ट असेल तर १४० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीला अडचण येऊ नये.

.३०८ चा उल्लेख आपण केला नाही, पण तीही याच ॲक्शनवर बसते आणि दूरच्या मुलखात काडतुसे हरवली किंवा भिजली तर .३०८ आणि .३०-०६ यांचीच मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. ७ मि.मी.-०८ बाबत ती खात्री देता येत नाही, म्हणून पुरेशी काडतुसे एकाच लॉटची घेऊन ठेवावीत.

---

रानवाट

आपणा तिघांचेही आभार. धक्क्याचे आकडे एका रांगेत पाहिल्यावर मॅग्नमचा विचार मी बाजूला ठेवला आहे. सोबत येणाऱ्यांची समजूत मी घालीन.

आता दोन उपप्रश्न. गोळीची घडणच जर निर्णायक असेल, तर .२४३ मध्येच तांब्याची गोळी घालून का जाऊ नये? आणि मूसचा परवाना मिळालाच, तर ७ मि.मी.-०८ त्यासाठी अपुरी पडेल का?

---

हिमरेषा

मूसविषयी मी बोलू शकते, कारण उत्तर युरोपातील जंगलांत दर शरद ऋतूत आमची टोळी त्याच शिकारीला जाते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन कायदे शेजारी ठेवले की मिळते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एल्क आणि मूससाठी .२४ कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड एवढी अट आहे, म्हणजे .२४३ तिथे चालते. स्वीडनमध्ये मूससाठी गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० जूल ऊर्जा लागते, आणि १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २००० जूल पुरतात. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅमचीच भरते, त्यामुळे ती वजनावरच बाद होते. जनावर तेच, काडतूस तेच, आणि एक कायदा हो म्हणतो तर दुसरा नाही. कायद्यातली किमान मर्यादा ओलांडली म्हणजे निवड योग्य झाली, असे म्हणूनच समजता येत नाही. स्वीडनचा नियम मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण गोळी जड असेल तर तो ऊर्जेची सूट देतो. वजनाने जे साधते ते केवळ वेगाने साधत नाही, हे त्यात गृहीत धरले आहे.

त्याच सवलतीमुळे १८९४ ची ६.५×५५ स्वीडिश आजही मूसच्या शिकारीत मानाने वावरते. १५६ ग्रेनची, म्हणजे १० ग्रॅमहून किंचित जड, लांबट आणि संथ गोळी. धक्का नावापुरता, घुसण्याची खोली उत्तम. तेव्हा ७ मि.मी.-०८ मूससाठी अपुरी आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, अट एवढीच की गोळी चांगली असावी आणि मूस आडवा उभा असताना झाडावी. आमच्या टोळीत हाके घालून जनावर पळवले जाते तेव्हा मात्र बहुतेकांच्या हातात .३०-०६ किंवा ९.३×६२ असते. ऑटो बॉक यांनी १९०५ च्या सुमारास घडवलेले हे दुसरे काडतूस २८६ ग्रेनची गोळी सेकंदाला २३६० फुटांच्या आसपास फेकते. वेग बेताचा असल्याने मांस फारसे नासत नाही आणि पलीकडून गोळी बाहेर पडण्याची शक्यता दांडगी असते.

गोळी पलीकडून बाहेर पडणे मूसच्या बाबतीत का महत्त्वाचे, ते सांगते. मूस गोळी लागल्याचे सहसा दाखवत नाही. दोन्ही फुफ्फुसे भेदली गेली असतानाही तो काही वेळा जागेवर तसाच उभा राहतो, किंवा काहीच घडले नाही अशा चालीने झाडीत शिरतो. त्याचे केस लांब आणि दाट असल्याने सुरुवातीचे रक्त त्यांतच जिरते. अशा वेळी आम्ही आधी तो उभा होता ती जागा शोधतो आणि गुडघ्यावर बसून पाहतो. गोळीने कापलेल्या केसांचा झुबका पानांवर पडलेला असतो. पुढे काही पावलांवर झुडपाच्या फांदीला, आपल्या कमरेच्या वर, फिकट गुलाबी आणि बारीक बुडबुड्यांचे रक्त पुसले गेलेले दिसले की फुफ्फुस लागले हे कळते आणि जनावर जवळच पडलेले असते. रक्त काळपट तांबडे असेल तर यकृत. मग जागेवरच बसून वाट पाहावी लागते. त्यात हिरवट कण किंवा आंबूस वास आला तर पोट, आणि मग कुत्रा आल्याशिवाय पाऊल उचलत नाही. गोळी आतच राहिली तर बाहेर पडणारे हे रक्त निम्म्याहून कमी होते. .२४३ ने मूस मरणार नाही असे मी म्हणत नाही. तिरप्या कोनात तिची गोळी पलीकडे निघेल याची मला खात्री वाटत नाही, आणि तो शोधायला अंधारात मला जायचे नाही.

एक आणखी. मूसला गोळी लागल्यावर तो उभा असेल तर शांतपणे दुसरी गोळी घालावी, कौतुक करत पाहत बसू नये. आणि त्यासाठीच सोसणारा धक्का महत्त्वाचा आहे, कारण दुसरी गोळी किती लवकर आणि किती नेमकी जाते ते त्यावर ठरते. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावरांच्या शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. तिथे मॅग्नमवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्यासारखे असते.

---

कडेकपारी

हिमरेषा, तो शेवटचा टोला मला होता हे समजले. २५० मीटरची मर्यादा खरोखर पाळली जाणार असेल तर माझा आग्रह मी मागे घेतो. ती पाळली जाते असा माझा अनुभव नाही, एवढेच नोंदवून ठेवतो. शिवाय मोठ्या अस्वलांच्या मुलखात मूसला जायचे झाले, तर .३३८ विंचेस्टर मॅग्नम किंवा .३७५ एच अँड एच असलेला एक तरी सोबती बरोबर असावा. तिथे प्रश्न मूसचा राहत नाही.

---

जुना_नेमबाज

अस्वलांविषयीच्या सूचनेला माझे अनुमोदन आहे. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ हीच किमान मर्यादा मानली जाते, त्यामागेही हेच कारण आहे. हल्ला करून येणारे जनावर फुफ्फुसे रिकामी होईपर्यंत वाट पाहत नाही. तिथे हाडे मोडून त्याला थांबवावे लागते.

रानवाट, आपल्या रायफलीचे ॲक्शन आधीच हाताशी आहे आणि धक्क्याची मर्यादा आपण स्वतः ओळखून आहात, हे लक्षात घेता नळी बदलण्याचा सल्ला माझ्या .३०-०६ पेक्षा अधिक सोयीचा आहे, हे मान्य करायला हरकत नाही. बोल्ट, चाप आणि दस्ता यांची हाताला बसलेली सवय मोडत नाही, हा त्यातला फारसा न बोलला जाणारा लाभ आहे.

गोळी निवडताना स्थानिक नियम मात्र पाहून घ्या. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे आणि डेन्मार्कने २०२४ पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. कायदा काहीही असो, पसरणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेच्या भोवतीच्या मांसात लांबवर विखुरतात, त्यामुळे ते मांस घरच्या ताटात जाणार असेल तर तांब्याच्या गोळीचा विचार अवश्य करावा.

---

रानवाट

ठरले. ७ मि.मी.-०८ ची नळी, नऊ इंचांना एक फेऱ्याचा पीळ आणि १४० ग्रेनची तांब्याची गोळी. .२४३ ची उरलेली काडतुसे ज्याच्याकडे .२४३ ची रायफल आहे अशा परवानाधारक मित्राला रीतसर देऊन टाकतो. स्कोप किती अंतरावर जुळवावा, एवढे सांगावे.

---

नळीकाम

२०० मीटरवर जुळवा. ती गोळी १०० मीटरवर दोन-अडीच इंच वर आणि २५० मीटरवर सुमारे चार इंच खाली लागेल, म्हणजे आपल्या संपूर्ण मर्यादेत एल्कच्या छातीच्या मध्यावर धरले तरी पुरते. वर-खाली अंदाज करत बसण्याची गरज नाही. मात्र हे आकडे कागदावरचे आहेत, तेव्हा तिन्ही अंतरांवर स्वतः गोळ्या झाडून पडताळा आणि निघालेला आकडा दस्त्यावर चिकटवून ठेवा. टेबलावर जुळवून झाले की टेबल सोडा: बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या टेकूवरून सराव करा. नवी नळी सुरुवातीला तांब्याचा थर लवकर धरते, म्हणून पहिल्या काही सत्रांत ती वरचेवर साफ करावी. आणि हंगामाला निघण्याआधी साफ केलेल्या नळीतून पहिली गोळी कुठे जाते तेही एकदा पाहून घ्यावे, कारण काही नळ्या ती एक गोळी बाकीच्यांपासून वेगळी टाकतात.